आमच्यात असतं!

हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते लग्नाच्या बैठकीत. मुलाकडची मंडळी कराडची, आम्ही नागपूरचे. पोहे झाले, चहा झाला, दोन्हीकडच्या हवेची निंदा झाली आणि माझ्या बाबांनी घसा खाकरून विचारलं, "देण्याघेण्याचं काय?"

"छे, छे! आमच्यात तसलं काही नसतं," होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. बाबांचा चेहरा फुलला. सासूबाईंनी कपातला शेवटचा घोट संपवला, कप बशीत आडवा ठेवला आणि पुढे म्हणाल्या, "फक्त मुलाच्या पाच मावश्यांना मानाच्या साड्या. तेवढं मात्र आमच्यात असतं."

सख्ख्या मावश्या दोनच होत्या. उरलेल्या तीन कुठून आल्या हे मला लग्नाला सात वर्षं झाली तरी समजलेलं नाही. साड्या मात्र पाचही गेल्या.

'आमच्यात' ही व्याकरणातली सप्तमी. कारक अधिकरण, म्हणजे क्रिया जिथं घडते ती जागा. शाळेत हे पाठ केलं होतं, अर्थ सासरी कळला. या जागेत सून नसते. क्रिया मात्र तिनंच करायची असते. संक्रांतीला पाच वर्षं हळदीकुंकू? आमच्यात असतं. पाडव्याला सुनेनं माहेरी जाणं? आमच्यात नसतं. मुलीच्या बारशाला मी आणि नवऱ्यानं मिळून नाव ठरवलं, पत्रिकेवर छापलं, आणि ऐन पाळण्याशी आत्याबाईंनी बाळाच्या कानात भलतंच नाव सांगितलं. आजीच्या आजीचं. 'आमच्यात पहिल्या मुलीला पणजीकडचं नाव असतं.' तेव्हापासून माझी मुलगी पुण्यात आणि आधार कार्डावर एक आहे आणि खंबाटकी घाट उतरून साताऱ्याकडे लागलं की दुसरी होते.

या सगळ्यांचा कळस म्हणजे गौरी. सासरी गणपती नवऱ्याच्या मोठ्या काकांकडे बसतात आणि गौरी आमच्याकडे. ही वाटणी १९८९ साली झाली. शेताचीही त्याच वर्षी झाली, पण तिच्याविषयी अजून भांडण आहे, देवांविषयी नाही.

गौरींचा पहिला फोन आषाढात येतो. बाहेर पाऊस कोसळत असतो, मी लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये असते, आणि फोनवर 'आई कराड' उमटतं.

"कालनिर्णय बघितलंस का?"

वरवर हा साधा प्रश्न आहे. खरं तर ते समन्स असतं. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय म्हणजे घरचं राजपत्र. दुधाचे रतीब, गॅसच्या नंबराची तारीख, कामवालीचे खाडे आणि सुनेच्या हजेरीचे दिवस, सगळं त्यावर. गौरींच्या तीन चौकोनांना लाल पेनानं गोल केलेले असतात आणि आदल्या दोन दिवसांना पेन्सिलीनं. पेन्सिलीचे दिवस म्हणजे भाजणी, चकल्या, करंज्या आणि माळ्यावरचे मुखवटे उतरवून त्यांच्या नाकावरची धूळ पुसणं.

आता माझ्या कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत गणेशचतुर्थी आहे, ज्येष्ठागौरी नाही. शिवाय गौरी इंग्रजी तारखेला बांधलेल्या नाहीत. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. म्हणून दरवर्षी त्या अकराएक दिवस अलीकडे सरकतात आणि मध्ये अधिकमास आला की एकदम पुढे उडी मारतात. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा गौरींचं आवाहन गेलं २१ सप्टेंबरला. २०२४ साली ते आलं १० सप्टेंबरला. माझे साहेब बंगळुरूचे. ते दरवर्षी प्रामाणिकपणे विचारतात, "पण मागच्या वर्षी तर ही तारीख नव्हती?" मी त्यांना एकदा फळ्यावर चंद्र काढून अधिकमास समजावून सांगितला. त्यांनी रजा दिली. पण ती चंद्राला घाबरून दिली असावी.

मला खरा हेवा गौरीचा वाटतो. माहेरवाशीण म्हणून येते. तिच्या पायाला कुंकू लागतं, तिला नवी साडी, तिच्यासाठी पहिल्या दिवशी शेपूची भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. तिनं ताटसुद्धा उचलायचं नाही. आणि तिसऱ्या दिवशी निघाली की निघाली. "आणखी एक दिवस राहा गं, काय बिघडलं?" असं तिला म्हणायची आमच्या सासूबाईंची आजवर हिंमत झालेली नाही. रजा पक्की, येण्याची वेळ पक्की, जाण्याची वेळ पक्की. आणि या बाईची बडदास्त ठेवायला जी राबते, तिला स्वतःचं माहेर महिनोन्‌महिने दिसत नाही.

ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "तू बाउंड्री सेट कर."

आमच्या सासरी बाउंड्री हा शब्द फक्त सासऱ्यांच्या तोंडी येतो, तोही टीव्हीवर मॅच चालू असताना. मराठीत काय म्हणायचं याचा मी विचार करू लागले. सीमारेषा म्हणावं तर आपल्याकडे सीमोल्लंघनाचा मोठा सण आहे. सीमा आखण्याचा एकही नाही. लक्ष्मणरेषा म्हणावं तर ती पुरुषानं बाईभोवती आखलेली, आणि वाल्मीकींच्या रामायणात तर तीही नाही. हद्द म्हटलं की "हद्द झाली!" एवढंच आठवतं.

तरी मैत्रिणीनं मोबाइलवर एका समुपदेशक बाईंचे व्हिडिओ पाठवले. त्यांचं म्हणणं, समोरच्याला दोष द्यायचा नाही, वाक्याची सुरुवात 'मला असं वाटतं' अशी करायची. मी तीन दिवस आरशासमोर सराव केला. २०२३ च्या आषाढात फोन आला तेव्हा मी खोल श्वास घेतला. तोही व्हिडिओत होता.

"आई, मला असं वाटतं..."

"काय होतंय?"

"नाही, मला असं वाटतं की सणाच्या दिवसांत माझ्यावर खूप ताण..."

"तरी म्हटलं आवाज का बसलाय. आलं घालून चहा घे. गवती चहा आहे का? नसला तर वन्संच्या हाती पाठवते. आणि हे बघ, पाच दिवस रजा टाक, इथं आलीस की विश्रांती होईल."

त्या पाच दिवसांच्या विश्रांतीत मी एकशे चाळीस करंज्या केल्या.

नवऱ्याला सांगून पाहिलं. त्याची भूमिका संयुक्त राष्ट्रांची. दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा असं आवाहन करून तो झोपतो. "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी एकदा हिशेब मांडला. गौरींचे तीन आणि पेन्सिलीचे दोन, नवरात्रातली अष्टमी, दिवाळीचे चार, तुळशीचं लग्न, संक्रांत, वटपौर्णिमा, मावश्यांच्या नातवंडांची बारशी, जावळं, मुंजी आणि दर दोन वर्षांनी कुणाचीतरी वास्तुशांत. माझी हक्काची रजा वर्षाला एकवीस दिवस. तो म्हणाला, "मग सिक लीव्ह घे ना." आणि आता पुढच्या वर्षी सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे असं एका मावशींनी जाहीर केलंय. त्यासाठी माणूस एक्याऐंशीच्या आसपास असावा लागतो. सासरे बाहत्तरचे आहेत. पण हॉलचं आधीच बघून ठेवलेलं बरं, असं आमच्यात असतं.

माझी कहाणी ऐकून तुम्हाला माझी कीव आली असेल तर एवढ्यात येऊ देऊ नका. त्याच सुमारास नागपूरहून भावजयीचा फोन आला. माझ्या माहेरी गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि ते प्रकरण कराडपेक्षा दांडगं. जेवायला अख्खी गल्ली. ज्वारीची आंबील हवीच, ती घोटताना गुठळी झाली तर आईचा चेहरा दिवसभर गुठळीसारखा. भावजय रडवेल्या आवाजात म्हणाली, "ताई, आई म्हणतात या वर्षीपासून पानं दीडशे. मी शाळेत नोकरी करते हो. मी एकटी कुठवर करू? तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

आणि मी, तीन दिवस आरशासमोर उभी राहिलेली मी, काय म्हणाले असेन?

"अगं, असू दे. आमच्यात असतंच तसं."

पलीकडे ती गप्प झाली. इकडे मीही गप्प झाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझा हात फोनवरच होता.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही कराडला गेलो. उन्हाळी कामं जोरात होती. गच्चीवर कुरडया, सांडगे, आणि कावळे हाकायला माझी मुलगी, तिच्या कराडी नावासकट. सासूबाईंनी माझ्यापुढे एक वही आणून ठेवली. "यातली हळदीकुंकवाची नावं तुझ्या त्या कम्प्युटरवर चढव. माझे डोळे आता काम देत नाहीत."

ही वही मी ऐकून होते, पाहिली कधी नव्हती. सासरे पतसंस्थेत होते, तिथली खतावणीची लांबडी वही, लाल कापडी पाठीची. पहिल्या पानावर श्री, खाली १९८६. प्रत्येक कार्याला कुणी काय दिलं, कुणाला काय दिलं, सगळं तारीखवार. 'वडूजच्या मावशी, स्टीलचा डबा (झाकण बसत नाही).' 'वकीलीणबाई, ब्लाउजपीस, हिरवा. तोच आपण त्यांना ८७ ला दिला होता.' 'धाकटे मामा, रुपये ११. जेवायला माणसं ७.' एखाद्या इतिहास संशोधक मंडळाला ही वही मिळाली तर सातारा जिल्ह्याचा अर्धा सामाजिक इतिहास हाती लागेल, आणि उरलेला अर्धा न्यायालयात जाईल.

मी नावं उतरवत होते. मग गौरींची पानं आली.

'१९८६. पहिल्या गौरी. भाज्या ५, चटण्या २. पुरण सैल झालं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री बोलल्या.'

मी मान वर करून पाहिलं. सासूबाई पलीकडे सांडग्यांच्या ताटावर मलमल पसरत होत्या.

'१९९१. ऐन पूजनाला गॅस संपला. स्टोव्हवर भाज्या ३. चाललं.'

'१९९४. मोठ्या जाऊबाईंकडे गणपतीला भाज्या ११. गणपतीला!'

'१९९५. भाज्या १६.'

मी ती ओळ दोनदा वाचली. सोळा भाज्या! लग्नानंतरच्या पहिल्या गौरीपासून मला सांगण्यात आलं होतं की आमच्यात सोळा भाज्या असतातच, पूर्वापार. एका वर्षी पडवळ मिळालं नाही म्हणून नवऱ्याला उंब्रजपर्यंत पिटाळलं होतं. आता, गौरीला सोळा भाज्या महाराष्ट्रात पुष्कळ घरी करतात, सोळाच्या आकड्याला गौरीच्या व्रतात मान आहे, दोरकसुद्धा सोळा पदरी असतो. काही शहाण्या घरांत तर सोळाही भाज्या एकाच कढईत घालून मोकळे होतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या घरात ही पूर्वापार प्रथा १९९५ साली, अकराला मात देण्यासाठी सुरू झाली होती. आमचं पूर्वापार माझ्यापेक्षा वयानं लहान निघालं.

पुढची नोंद एका ओळीची होती. '१९९६. सोयर. गौरी नाहीत. सिनेमा पाहिला.'

त्या संध्याकाळी सासरे शेतावरून आले. भाऊबंदकीतला बांधाचा दावा चालू आहे, त्याची मोजणी होती. पाय धुता धुता स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्यानं बांध कोरला म्हणून ओरडून उपयोग नाही. कुणी एका रात्रीत बांध सरकवत नसतो. दर नांगरटीला एक तास आत घेतो. आपणही तेवढंच करायचं. वर्षाला एक तास. बोलायचं नाही, नांगरायचं."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते, हा तास घड्याळातला नव्हे. नांगराच्या फाळानं पडते ती चर. पण मला त्या दिवशी दोन्ही अर्थ पटले. मी इतकी वर्षं सीमा, रेषा, हद्द शोधत होते. शब्द घरातच होता, सासऱ्यांच्या पायाला चिखल होऊन लागलेला.

आषाढात फोन आला.

"कालनिर्णय बघितलंस का?"

"बघितलं. आवाहन मंगळवारी आहे, पूजन बुधवारी. मी बुधवारी पहाटे निघून येते आणि रात्रीची जेवणं आवरून परतते."

"का गं?"

इथं मी आजवर घसरत आले होते. 'का'ला कारण दिलं की सासूबाई त्या कारणाचा बंदोबस्त करतात. रजा नाही म्हटलं तर 'साहेबांचा नंबर दे, मी बोलते.' मुलीची शाळा म्हटलं तर 'तिला चार दिवस आधीच पाठव.' या वेळी मी कारण दिलंच नाही.

"आमच्यात असंच असतं."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.

"कुणात?"

"आमच्यात. पुण्यात."

दुसरी शिट्टी.

"कधीपासून?"

"यंदापासून."

तिसरी शिट्टी झाली आणि गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. त्या काही क्षणांत मी माझं उरलेलं आयुष्य, नवऱ्याचा चेहरा आणि पाच मावश्यांचा एकत्रित आवाज, सगळं डोळ्यांपुढे आणून पाहिलं.

"भाज्या?" त्यांनी विचारलं.

"पाच करून आणते. शहाऐंशी सालासारख्या."

आता मात्र शांतता झाली. कुकरसुद्धा बोलेना. मग एकदम हलक्या आवाजात, जणू फोनमध्ये तोंड घालून, सासूबाई म्हणाल्या, "वही वाचलीस होय?"

"नावं चढवताना दिसलं."

"कुठवर वाचलीस?"

"शहाण्णवपर्यंत."

"सिनेमाचं ह्यांना बोलू नकोस हं." थोड्या थांबल्या. "मोठ्या जाऊबाई आणि मी गेलो होतो. सोयर म्हटल्यावर त्यांचेही गणपती नव्हते ना. घरात सांगितलं दळण टाकायला चाललोय. इंटरव्हलला वडा खाल्ला." आणि त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं फिस्सकन हसताना ऐकलं नव्हतं.

११ सप्टेंबर २०२४ ला पहाटे साडेचारला आम्ही पुणं सोडलं. मांडीवर डबा, डब्यात पाच भाज्या, त्यातली एक खंबाटकीच्या वळणावर माझ्या ओढणीवर सांडली. कराडला पोचले तेव्हा नैवेद्याची पानं मांडली जात होती. सासूबाईंनी डबा उघडला, एकेक भाजी चमचाभर वाटीत काढली, मनातल्या मनात मोजल्यासारखे ओठ हलवले. मी गुपचूप ओट्यावरची पातेली मोजली. अकरा. माझ्या सांडलेल्या भाजीसकट बरोबर सोळा.

मावश्या कुजबुजल्या नाहीत असं नाही. वडूजच्या मावशी मला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाल्या, "आत्ता आली? पाहुण्यासारखी?" त्यावर सासूबाई काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण मावशींचा चेहरा दिसला. रात्री नऊला मी निघाले तेव्हा ओटीत नारळ होता आणि करंज्यांचा डबा. झाकण बसत नव्हतं.

भावजयीला मी त्याच आठवड्यात फोन केला आणि नागपूरच्या आंबिलीविषयी आईशी बोलले. आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. पण पानं दीडशेवरून नव्वदवर आली आहेत. वर्षाला एक तास.

२०२५ ला मजा झाली. आवाहन ३१ ऑगस्टला, चक्क रविवारी. ऑफिसात काम कमी होतं, मुलीला सुट्टी होती आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षी मुखवट्यांना साड्या नेसवताना मी नव्हते, ते कुठंतरी खुपत होतं. नेसवताना होणारी भांडणंसुद्धा आठवत होती. मी आपणहून फोन केला.

"आई, यंदा शनिवारीच येऊ का? चार दिवस राहते. करंज्या आपण मिळून करू."

"नको," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, रजेचा प्रश्न नाही. मला यावंसं वाटतंय."

"वाटेल गं. पण असं कसं चालेल? आमच्यात पुण्याची सून पूजनाच्या दिवशीच येते. आणि येताना पाच भाज्या आणते. वडूजच्या मावशींना मी तसं ठणकावून सांगितलंय, आता बदलता यायचं नाही."

"पण आई, हे गेल्या वर्षी मीच..."

"वहीत लिहून ठेवलंय मी," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.